सुसर आणि खवल्या मांजर



आज आम्ही दोन जनावरांचं बोलणार आहोत. हसू नका. दावे, सातबारा, मोजणी सोडून हे काय काढलं असं वाटेल, पण ही दोन्ही आपल्या दाव्यातच बसलेली आहेत.

एक वाशिष्ठीतली सुसर. २०२४ च्या पावसात चिपळुणात ती डांबरी रस्त्यावर आली, ते सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. आपल्या बाया तिच्याच पाण्यात उतरून मासे धरतात, त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. दुसरं खवल्या मांजर. दिवसा बिळात, रात्री बाहेर. अर्ध्या पोरांनी ते बघितलेलंही नसेल.

दोघांच्या अंगावर खवले, म्हणून काही जण त्यांना एकाच जातीची धरतात. तसं नाही. सुसर माघ-फाल्गुनापासून काठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि राखत बसते. त्या दिवसांत तिथे पोरं पाठवू नका. खवल्या पिल्लाला दूध पाजतं, पिल्लू बहुतेक एकच, शेपटीवर बसवून फिरवतं. त्याला दातच नाहीत. लांब जिभेने मुंग्या आणि वाळवी खातं. भ्यालं की अंगाचा गोळा करतं. वाघाला तो गोळा सोडवणं कठीण, माणूस सरळ उचलून पोत्यात टाकतो.

पण आपल्याला सुसरीपेक्षा हे बिनदाताचं जनावर महागात पडतं. बाहेरचा माणूस येतो, लाखाचं बोलतो, हातावर हजार टेकवतो. खणतो आपला पोरगा. धाड पडली की तो माणूस गायब, पोरगा आत. १९७२ च्या कायद्यात हे जनावर पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा तीन ते सात वर्षं. आधीच इंग्रजांनी आपल्या कातकऱ्यांना गुन्हेगार जमात ठरवलं, तो शिक्का लोकांच्या डोक्यातून अजून गेला नाही. आणि खवल्यात औषध कसलं? आपल्या नखात जे आहे तेच त्यात. नखं काय आपण रोजच कापतो.

आता कायद्याचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे आणि पाण्यातल्या इतर उपजाचा हक्क आहे. शिकारीचा नाही. पण वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला त्याच कायद्यात आहे. तो वापरायचा. वाळूवाले सक्शन पंपाने काठ खरवडतात, तेव्हा सुसरीच्या अंड्यांची जागा आणि आपल्या बायांची उतरायची वाट एकदमच जाते. म्हणून मासेमारीचा सामूहिक दावा आणि काठ राखायचा ठराव एकाच सभेत करू. खवल्या राखू असंही त्यात लिहू. बिळाची जागा मात्र लिहायची नाही, कागद कोणाच्याही हाती पडतो.

दाव्याला दोन पुरावे लागतात. जुन्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हा त्यातला एक चालतो. पुढच्या बैठकीला म्हातारी माणसं घेऊन या. कुठल्या डोहात कोण मासे धरायचं ते त्यांनी सांगावं, आम्ही लिहून घेतो.