विस्मृतीचा वारसा आणि आपला आहारविहार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या वृद्धजनांच्या मेळाव्यांत धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनीं दिलेलें भाषण)



आजच्या प्रसंगीं मीं प्रार्थनेवर बोलावें अशी आपल्यापैकीं कित्येकांची अपेक्षा असेल. परंतु वर्षभर घरोघरीं आशीर्वाद देत फिरतांना एक प्रश्न मला वारंवार विचारण्यांत आला, आणि तोहि बहुधा मला दारापर्यंत पोंचवावयास आल्यावर, हलक्या आवाजांत : "फादर, आई सर्व विसरत चालली आहे. पुढें आम्हांलाहि हेंच होणार काय ?" एका घरीं तर नातीचें लग्न ठरेपर्यंत आजीला मागल्या खोलींतून बाहेर येऊं देत नसत.

हा प्रश्न माझाहि आहे. माझी आजी अशीच गेली, व पुढें आईचेंहि तसेंच झालें. शेवटच्या वर्षीं मी तिला ख्रिस्तप्रसाद द्यावयास गेलों असतां तिनें मोठ्या अदबीनें मला विचारलें, "फादर, तुमची आई असते का हो ?" मी "असते" म्हणालों. माझी पन्नाशी आतां मागें पडली आहे, आणि एखादें नांव जिभेवर येऊन अडलें कीं ती खोली मला आठवते. म्हणून या विषयांतील जाणत्यांनीं काय शोधून काढलें आहे तें मीं लक्षपूर्वक वाचलें, व तेंच आपणांसमोर ठेवीत आहें.

वारसा दोन प्रकारचा असतो, आणि या दोहोंची गल्लत झाल्यामुळेंच पुष्कळ भीति उत्पन्न होते. १९०६ सालीं आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्यानें ज्या रोगाचें वर्णन केलें, त्याच्या रोग्यांपैकीं शेंकडा एकाहूनहि कमी लोकांत तो एकाच सदोष जनुकामुळें सरळ आईकडून वा बापाकडून येतो. अशा घराण्यांत तो बहुधा चाळिशी-पन्नाशींतच डोकें वर काढतो, आणि प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या अँटिओकिया प्रांतांत अशीं घराणीं आहेत. फ्रान्सिस्को लोपेरा या वैद्यानें २०२४ सालीं मृत्यु येईपर्यंत आपलें आयुष्य त्यांच्यासाठीं वेंचलें. परंतु ज्यांची आजी ऐंशीव्या वर्षीं विसरूं लागली, त्यांचा वारसा बहुधा हा नव्हे.

दुसरा वारसा सौम्य आहे. १९९३ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनीं 'एपीओई-४' या जनुकाचा या रोगाशीं असलेला संबंध दाखवून दिला. पाश्चात्य लोकांत त्याची एक प्रत वांट्यास आली तर रोगाचा संभव सुमारें दोन ते तीन पटींनीं वाढतो. आईबाप दोघांकडूनहि आली तर त्याहून पुष्कळ अधिक. तथापि एक प्रत असूनहि पुष्कळांना हा रोग होत नाहीं, आणि मुळींच नसतांना पुष्कळांना होतो. हा धोका आहे, शिक्षा नव्हे. शिवाय प्रत्येक विसर हा हाच रोग नसतो. थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा किंवा ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेंहि विसर पडतो व तो उपचारानें सुधारूं शकतो. म्हणून लपवाछपवी करण्यापूर्वीं डॉक्टरकडे जावें.

आतां एका धर्मभगिनीसंघाची हकीकत सांगतों. १९८६ सालीं डेव्हिड स्नोडन या अमेरिकन संशोधकानें 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या संघाच्या वृद्ध भगिनींचा अभ्यास आरंभिला. ७५ वर्षांवरील ६७८ भगिनी त्यांत सामील झाल्या. प्रतिवर्षीं परीक्षा देण्याचें त्यांनीं कबूल केलेंच, पण मरणोत्तर आपला मेंदूहि अभ्यासासाठीं दान केला. मठवासिनींची राहणी एकसारखी, स्वयंपाकघर एक, धूम्रपान नाहीं; त्यामुळें तुलना करणें सोपें. त्यांतील एक भगिनी १०१ वर्षांची होऊन वारली. अखेरपर्यंत तिची बुद्धि शाबूत होती. मेंदू तपासला तेव्हां मात्र रोगाच्या खुणा त्यांत विपुल सांपडल्या. रोग घरांत शिरला होता, पण त्याला घराचा ताबा मिळाला नव्हता.

असें कां व्हावें ? याच्या उत्तराचा एक भाग १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मेंदूंत रोगाच्या खुणा होत्या अशा ६१ भगिनींपैकीं, ज्यांच्या मेंदूच्या खोल भागांत रक्तपुरवठा तुटून बारीक जखमाहि झाल्या होत्या, त्यांच्यांत बुद्धिभ्रंश कितीतरी अधिक आढळला. अशा जखमांचें मोठें कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. जनुक आपल्या हातीं नाहीं. रक्तदाब मात्र पुष्कळसा आहे. मला सर्वांत अधिक धीर या गोष्टीनें दिला.

आहाराविषयीं मात्र मी तुम्हांला खोटी आशा दाखविणार नाहीं. पालेभाज्या, कडधान्यें, मासळी व सुका मेवा अधिक, आणि लोणी, मिठाई व तळलेले पदार्थ कमी, असा एक आहार अमेरिकेंत या रोगासाठीं म्हणून आंखण्यांत आला. ज्यांच्या घराण्यांत बुद्धिभ्रंश आहे अशा ६०४ लोकांवर तीन वर्षें त्याचा प्रयोग झाला. २०२३ सालीं निकाल लागला : ज्यांनीं नेहमींचेंच अन्न थोडें कमी खाल्लें त्यांच्याहून या लोकांना विशेष लाभ दिसला नाहीं. एकटें ताट हें काम करूं शकत नाहीं. याउलट फिनलंडमध्यें १२६० लोकांपैकीं सुमारें निम्म्यांवर दोन वर्षें आहार, व्यायाम, बुद्धीला काम व रक्तदाबादिकांची देखरेख हे चारही उपाय एकत्र योजण्यांत आले. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत त्यांची बुद्धि इतरांपेक्षां कांहीं अंशीं अधिक चांगली राहिलेली आढळली, आणि वर सांगितलेलें जनुक असणारेहि त्याला अपवाद नव्हते. ब्रिटनमध्यें साठीपुढील १,९६,३८३ लोकांची सुमारें आठ वर्षें नोंद ठेवण्यांत आली. ज्यांचा वारसा वाईट व राहणीहि वाईट, त्यांच्यांत हजारीं सुमारें अठरा जणांस बुद्धिभ्रंश झाला. वारसा तोच पण राहणी चांगली, त्यांच्यांत अकरा. राहणी म्हणजे काय, तर विडी-सिगारेट नको, चालणें हवें, आहार साधा, मद्य बेताचें. अशा नुसत्या नोंदीवरून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाहीं, हें खरें. पण अठरा आणि अकरा यांतील अंतर मला तरी लहान वाटत नाहीं.

आपल्या वसईंत यासाठीं परक्या देशाच्या वस्तु नकोत. तारली व बांगडा बाजारांत आहेत, शेवगा व अळू वाडींत आहे. आपले वाडवडील वाडीचें शिंपणें करीत व पायीं मिस्सेला येत. आज दोन गल्ल्यांवरून आपण मोटारसायकलीवर येतों, आणि उभी करावयास जागा नाहीं म्हणून माझ्यावर रागावतों. लग्नघरीं मद्याचा जो पूर वाहतो त्याविषयीं मी वेदीवरून अनेकदां बोललों आहें. येथें एवढेंच सांगतों कीं मेंदूलाहि तो मानवत नाहीं. बुद्धिवर्धक म्हणून विकलीं जाणारीं तेलें व गोळ्या मात्र घेऊं नका. हा रोग टाळणारी गोळी अद्याप सिद्ध झालेली नाहीं.

कानांचें नांव ऐकून तुम्हांला नवल वाटेल. परंतु २०२४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या मंडळानें टाळतां येण्याजोगीं जीं चौदा कारणें सांगितलीं, त्यांत बहिरेपणा आहे. एक वृद्ध गृहस्थ प्रवचन ऐकूं येत नाहीं म्हणून मिस्सेला यावयाचे थांबले, मग चौकांतल्या गप्पांनाहि जाईनासे झाले. त्यांच्या मुलांना मीं श्रवणयंत्र घ्यावयास सांगितलें. आतां ते येतात, व प्रवचन लांबलें हें मला सांगूंहि शकतात.

माझें स्वतःचें सांगावयाचें तर दोन वर्षांपूर्वीं माझा रक्तदाब वाढलेला आढळला. कारण शोधावयास दूर जावें लागलें नाहीं : सुक्या मासळीची चटणी, लोणचें, आणि आशीर्वादाच्या दिवसांत घरटी एक कप चहा, दोन चमचे साखरेचा. लोणचें सुटलें आहे. चटणीशीं अजून झगडा चालूं आहे. चहाच्या बाबतींत तुमचें साहाय्य लागेल. "फादर, थोडी तरी साखर" असें कोणीं म्हणूं नये.

सभा संपल्यावर मागील दालनांत दोन परिचारिका रक्तदाब मोजण्यासाठीं बसणार आहेत. चाळिशीपुढील मुलांनींहि यावें. रांगेंत पहिला मी उभा राहणार आहें.