नांवांत दहा, गणतींत अठरा



१८९१ सालीं जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास टांगल्या आणि हिवाळ्यांत कोंडलेल्या विद्यार्थ्यांस बास्केटबॉल हा खेळ दिला. तेथील महाविद्यालयें पुढें शेजारच्या संस्थांचें मंडळ बांधून हंगामभर आपसांत सामने खेळूं लागलीं. अशा मंडळास ‘कॉन्फरन्स’ म्हणतात.

शेजार हाच त्या व्यवस्थेचा पाया. तो आतां खचला आहे. पॅसिफिक किनाऱ्यावर १९१५ सालीं स्थापन झालेल्या मंडळांतील १२ पैकीं १० विद्यापीठें २०२४ सालीं बाहेर पडलीं. कारण, दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा! पॅसिफिककडील स्टॅनफर्ड आतां ‘अटलांटिक कोस्ट’ मंडळांत खेळतें. लॉस एंजेलिसचें कॅलिफोर्निया विद्यापीठ ‘बिग टेन’मध्यें गेलें, त्या ‘टेन’मध्यें संस्था १८. शाळेंत असें गणित कोणी मांडिलें असतें, तर मीं त्यास बांकावर उभें केलें असतें.

पण लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्यास मंडळांतल्या सामन्यासाठीं न्यू जर्सीपर्यंत जावें लागतें, त्याच्या अभ्यासाचें काय? २०२५ पासून संस्था खेळाडूंस थेट पैसे देऊं शकतात. एवढें राबविल्यावर तें न्याय्यच. मात्र त्यास विद्यार्थी कितपत म्हणावें, हा प्रश्न उरतोच.

आयव्ही लीगमधील आठ विद्यापीठें खेळासाठीं शिष्यवृत्ति देत नाहींत. तरीहि त्यांतील प्रिन्स्टननें १९९६ सालीं, आदल्या वर्षींच्या विजेत्या त्याच लॉस एंजेलिसच्या संघास ४३-४१ असें हरविलें. शुक्रवारीं व शनिवारीं लागोपाठ सामने खेळून सोमवारीं वर्गांत हजर व्हावें, अशी त्या मंडळाची जुनी रीत होती.