चिल्लई कलानचे चाळीस दिवस

डिसेंबर संपत आला की सोलापूर-मराठवाड्याकडच्या शेतांत हुरड्याच्या आगट्या पेटतात. पश्चिम महाराष्ट्रात उसाचे फड तुटत असतात, हरभऱ्याला पाणी दिले जात असते, आणि बीड-नगरकडची कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन घरापासून दूर कोपीत राहत असतात. थंडी म्हणजे आपल्याकडे कामाचे दिवस. दार लावून घरात बसायचा मराठी माणसाचा ऋतू वेगळा, तो पावसाळा. चातुर्मासात पोथ्या लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कोकणातले कोळी होड्या ओढून घेतात आणि ओटीवर जाळी दुरुस्त करत बसतात.

काश्मीर खोऱ्यात हा घरात बसायचा ऋतू येतो तो २१ डिसेंबरच्या रात्री. त्याला तिथे 'चिल्लई कलान' म्हणतात. फारसीत चाळीसला जो शब्द आहे, त्यातून हे नाव आले. कडाक्याच्या थंडीचे हे चाळीस दिवस जानेवारीअखेर सरतात. मग वीस दिवसांची 'चिल्लई खुर्द', म्हणजे धाकटी थंडी, आणि शेवटी दहा दिवसांची 'चिल्लई बच्चा'. थोरली, धाकटी आणि शेंडेफळ अशी ही भावंडे मिळून सत्तर दिवस होतात. थंडीला इतक्या घरगुती नावांनी हाक मारणाऱ्या लोकांनी तिच्याशी भांडण केलेले नाही. त्यांनी तिला घरात जागा करून दिली आहे.

थंडी किती? १४ जानेवारी २०२१ च्या पहाटे श्रीनगरचा पारा उणे ८.४ अंशांवर गेला. त्याआधीच्या तीस वर्षांत तिथे इतकी थंड रात्र झाली नव्हती. अशा वेळी दल सरोवराचा पृष्ठभाग गोठतो आणि नळात पाण्याऐवजी बर्फ असतो. शाळांना मोठी सुटी उन्हाळ्यात नव्हे, हिवाळ्यात लागते. शेत बर्फाखाली गेलेले असते, तेव्हा शेतकऱ्याला बाहेर करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

मात्र ही विश्रांती फुकट मिळत नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखाच्या उन्हात पापड, कुरडया, सांडगे वाळतात आणि पावसाळ्याची बेगमी होते. कोकणात तिला आगोटीची तयारी म्हणतात. काश्मिरी बायकांचे वाळवण भाद्रपद-आश्विनात चालते. दुधीच्या चकत्या, वांग्याच्या फोडी, टोमॅटो, सलगम असे सगळे दोऱ्यात ओवून खिडक्यांना टांगले जाते किंवा छपरावर पसरले जाते. या सुक्या भाज्यांना 'होख स्युन' म्हणतात. यामागे निव्वळ चवीची हौस नव्हती. जम्मूहून येणारा रस्ता बर्फाने आणि दरडींनी बंद पडला की खोऱ्यात ताजी भाजी येणेच थांबे. १९५६ मध्ये बनिहालचा बोगदा झाला, २०२१ मध्ये त्याच्याजवळून नवा साडेआठ किलोमीटरचा बोगदा वाहता झाला, आणि जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे पोहोचली. आता जानेवारीतही कोबी-फ्लॉवर मिळतात. तरी सुकवलेल्या दुधीचा रस्सा काश्मिरी घरांतून गेलेला नाही, कारण तो आता गरजेपुरता राहिलेला नाही. तो त्या ऋतूचा स्वाद झाला आहे.

शरद ऋतूतच दुसरीही एक तयारी होते. चिनारची पाने लाल होऊन गळाली की बायका ती झाडून गोळा करतात, पेटवतात आणि पाणी शिंपडून विझवतात. त्यांचा हलका कोळसा पोत्यात भरून ठेवतात. हा कोळसा कांगडीसाठी. कांगडी म्हणजे मातीचे भांडे आणि त्याभोवती वेताप्रमाणे विणलेली विलोच्या फांद्यांची टोपली. चरार-ए-शरीफची कांगडी नावाजलेली. फेरन नावाच्या लांब, सैल झग्याच्या आत ही कांगडी धरली की माणसाची शेगडी त्याच्याबरोबरच हिंडते. तिचे दुखणेही आहे. वर्षानुवर्षे मांड्यांची आणि पोटाची कातडी भाजत राहिल्याने होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच केली आहे. ऊब हवी तर जपून घ्यावी लागते.

चिल्लई कलानमध्ये घर एका खोलीत गोळा होते. ऐपत असेल तिथे हमाम असतो: खाली लाकडे पेटवून दगडी फरशी तापवलेली खोली. त्या फरशीवर आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे. समोवारात मिठाचा गुलाबी चहा. श्रीनगरच्या जुन्या वस्तीत, आली कदलच्या बाजूला, रात्रभर शिजवलेली मटणाची हरिसा पहाटे विकायला निघते आणि उजाडल्यावर थोड्याच वेळात संपते. पहिला बर्फ पडला की कुणीतरी पुडीत बांधून तो शेजाऱ्याच्या हातात देतो. बेसावधपणे ज्याने तो घेतला, त्याने मेजवानी द्यायची. आपल्या पंचांगातल्या मार्गशीर्ष अमावास्येला काश्मिरी पंडितांच्या घरी यक्षासाठी खिचडी शिजते आणि ती घराबाहेर ठेवली जाते. बर्फात उपाशी हिंडणाऱ्या यक्षाचीही आठवण ठेवणारा हा सण खोरे सोडून जम्मू-दिल्लीला आणि पुण्या-मुंबईला आलेली कुटुंबेही पाळतात.

आता मुद्द्याकडे वळू. या कोंडलेल्या दिवसांतून काश्मीरने जगाला काय दिले, हे पाहण्याजोगे आहे.

खेड्यात भाताचा पेंढा उरलेला असे. त्याचे दोर वळले जात, चटया विणल्या जात आणि बर्फात घालायची 'पुलहोर' नावाची पायताणे होत. लोकरीची घोंगडीसारखी लोई आणि पट्टूचे जाड कापड घरच्या मागावर निघे. शहरात अक्रोडाच्या लाकडावर कोरीवकाम चाले आणि कागदाच्या लगद्याच्या डब्यांवर रंग चढे. पंधराव्या शतकातला सुलतान झैन-उल-आबिदीन याने मध्य आशियातून कारागीर आणून या कलांना बळ दिले, असे तिथे मानतात. या कला वर्षभर चालतात हे खरे, पण बोटांना सवड मिळते ती हिवाळ्यात.

सगळ्यांत वरचा मान मात्र शालीचा.

तिची लोकर म्हणजे पश्मिना. तो येतो लडाखच्या चांगथांग पठारावरून. तिथल्या शेळ्यांना उणे तीस अंशांच्या थंडीत वरच्या राठ केसांखाली मऊ लव फुटते आणि वसंतात ती विंचरून काढतात. तिचा एक तंतू साधारण बारा ते सोळा मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस त्याच्या चार-पाच पट जाड. कच्च्या लोकरीला तांदळाचे पीठ लावून ती साफ करतात, फणीतून काढतात आणि मग ती येते बायकांच्या हाती. काश्मिरी चरख्याला 'येंदर' म्हणतात. खिडकीतून उन्हाची तिरीप येते तिथे येंदर मांडायचा, स्वयंपाक आटोपला की बसायचे आणि मूल रडले की उठायचे. पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी काश्मिरी बायकांच्या हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा आला तो याच चरख्यातून.

श्रीनगरहून गुलमर्गला जाताना कानिहामा हे गाव लागते. 'कानी' म्हणजे लाकडाची बारीक काडी. कानी शालीच्या मागावर धोटा नसतो. रंगारंगाचे धागे गुंडाळलेल्या शेकडो काड्या उभ्या ताण्यात एकेक करून सरकवायच्या. कुठली काडी किती धाग्यांखालून न्यायची, हे 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत कागदाच्या पट्टीवर लिहिलेले असते. नक्षी आखणारा वेगळा, ती तालमीत उतरवणारा वेगळा आणि विणणारा वेगळा. विणकराला अख्खी नक्षी समोर दिसत नाही. तो गायकाने स्वरलिपी वाचावी तशी ओळीमागून ओळ वाचत जातो. दाट नक्षी असेल तर दिवसभरात शाल जेमतेम एक-दोन सेंटिमीटर पुढे सरकते. एका शालीला वर्ष लागते, कधी दोन-तीन वर्षे. घाई करायची सोयच नाही. चाळीस दिवस दार बंद ठेवण्याची सवय असलेल्या लोकांच्याच हातून अशी वीण निपजू शकली, असे वाटते.

त्या शालींवर वळलेल्या टोकाचा जो बुट्टा असतो, त्याला आपण कोयरी म्हणतो. पैठणीच्या पदरावर, रांगोळीत आणि हळदीकुंकवाच्या चांदीच्या पात्रात मराठी बायकांनी तो कधीचा आपला केला आहे. अकबराला काश्मिरी शालींचे वेड होते. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे. पुढे युरोपात या शालींची इतकी चलती झाली की स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावाने मागांवर त्यांच्या नकला काढल्या. कोयरीला तिकडे आजही त्या गावाचे नाव आहे, कानिहामाचे नाही.

या कलेची मोठी किंमत कारागिरांनी मोजली आहे. डोगरा राजवटीत शालीवर आणि विणकरावर असे कर होते की हातात काही उरत नसे, आणि धंदा सोडायचीही मुभा नव्हती. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या झालडगर भागात विणकर रस्त्यावर आले. सैन्य चालून आले, आणि २८ विणकरांचा जीव गेला असे इतिहासकार सांगतात. काहीच वर्षांत, १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर, युरोपची बाजारपेठही कोसळली. तरी माग पूर्ण थांबले नाहीत. आज संकट वेगळे आहे. पश्मिन्याचा नाजूक धागा यंत्रावर तुटतो म्हणून त्यात नायलॉन मिसळून तो विणतात आणि नंतर ते नायलॉन विरघळवून टाकतात. कापड झटपट निघते आणि येंदरवरच्या बाईचे काम जाते. २००८ मध्ये काश्मीर पश्मिन्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या मालासाठीच. २०२१ मध्ये युनेस्कोने श्रीनगरला हस्तकलांचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला. मान मिळाला हे चांगलेच. कातणारणीला पुरेसे दाम मिळायला हवे, ते अजून राहिले आहे.

महाराष्ट्रात शालीवाचून सत्कार होत नाही. शाल आणि श्रीफळ ही जोडी आपल्या प्रत्येक सभेत असते. तिथे खांद्यावर पडणारी शाल बहुतेक वेळा यंत्रावरची, कृत्रिम धाग्याची असते, आणि दुसऱ्या दिवशी ती कपाटात जाते. दर सत्काराला पश्मिना घ्यावा असे कुणी म्हणणार नाही, ते परवडायचेही नाही. पण ज्या संस्था वर्षातून एकदाच एका थोर व्यक्तीचा गौरव करतात, त्यांना हाताने विणलेली एक खरी शाल देणे अवघड नाही.

आणि दिवाळीनंतर पाठीवर गाठोडे घेऊन आपल्या गावात, आपल्या गल्लीत काश्मिरी शालवाले येतात. घरचा हमाम, घरचा मिठाचा चहा आणि चिल्लई कलानच्या गप्पा मागे ठेवून हा माणूस तीन-चार महिने आपल्याकडे भाड्याच्या खोलीत राहतो. या हिवाळ्यात तो दारात आला तर त्याला आत बसवा, चहा द्या. भाव करण्याआधी शाल उलटून तिची मागची बाजू पाहा, मानांकनाची चिठ्ठी आहे का विचारा, आणि ही कुणी कातली, कुणी विणली, किती महिने लागले, हेही विचारा.