लिव्हरच्या पेशंटला जुलाबाचं औषध कशाला?

लिव्हर पार खराब झालेलं माणूस घरात असलं, की डॉक्टर एक गोड, चिकट पातळ औषध देतात. लॅक्ट्युलोज त्याचं नाव. गटाच्या बैठकीत आम्हाला हमखास विचारतात, "अंगात ताकद नाही, आणि वर जुलाब कशाला?"

त्याचं असं आहे. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. अन्नावर त्यांचं काम चालू असताना अमोनिया तयार होतो. धडधाकट लिव्हर तो निकामी करतं. सिरोसिस झालेल्या लिव्हरला ते जमत नाही, मग तो रक्तातून मेंदूत जातो. माणूस दिवसा झोपतं, रात्री जागतं, बरळतं, घरच्यांची नावं विसरतं. हात पुढे करून पंजे वर धरायला सांगा, ते पाखराच्या पंखासारखे फडफडतात. याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात दिवस जातात. खरं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

लॅक्ट्युलोज दुधातल्या साखरेपासून करतात. ते पचत नाही, थेट मोठ्या आतड्यात जातं. तिथे जंतू त्याला आंबवतात. त्या आंबटपणात अमोनिया अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. म्हणजे औषध पोटाचं दिसलं तरी राखण डोक्याची करतं. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला व्हायला हवं. बद्धकोष्ठ झालं तर धोका, आणि पाण्यासारखे जुलाब झाले तरी धोकाच. तेव्हा बाटली फेकायची नाही, डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करायची. भ्रम पुन्हा पुन्हा होत असेल, तर रिफॅक्झिमिन नावाची गोळीही जोडीला देतात. ती आतड्यातल्या जंतूंवरच काम करते, पण महाग पडते. झोप येत नाही म्हणून मनाने झोपेची गोळी मात्र देऊ नका.

आणि डाळ, दही, उसळ बंद करू नका. पूर्वी पथ्य म्हणून बंद करायचे. आता डॉक्टरच प्रथिनं पुरेशी द्या म्हणतात. रात्री झोपण्याआधीही थोडं खायला द्यावं.

आता नवलाची गोष्ट. बिघडलेल्या दह्याला चांगलं विरजण लावतो, तसे निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू पेशंटच्या आतड्यात सोडायचे! हसू नका. दिल्लीच्या यकृत व पित्त विज्ञान संस्थेत दारूने लिव्हर फार सुजलेल्या ८ जणांवर हे केलं, ते २०१७ साली छापून आलं. नाकातून घातलेल्या नळीने आठवडाभर दिलं. आधीच्या तशाच पेशंटांपेक्षा त्यांतले जास्त जण वर्षानंतर हयात होते. पण ८ म्हणजे मूठभरच. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२३ साली याच्या कॅप्सूलची मोठी चाचणी सुरू केली. अमेरिकेत मात्र २०१९ साली अशाच उपचारातून औषधाला न जुमानणारे जंतू अंगात गेले आणि एक पेशंट दगावला. म्हणून दात्याची कसून तपासणी लागते, आणि हे मोठ्या रुग्णालयात, चाचणी म्हणूनच व्हावं. गावात कुणी "पोटातले जंतू बदलून देतो" म्हणत आला, तर पैसे देऊ नका.

तपासणीला जाताना रोज किती वेळा शौचाला झालं, झोप कशी लागली, ते वहीत लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.