दुर्गाभाभी : शाळेतील चार दशके

(स्मृतिसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुर्गावती देवी व्होरा यांचे नाव उच्चारताच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे लाहोरचे रेल्वेस्थानक उभे राहते. डिसेंबर 1928. साँडर्सच्या वधानंतर शहराची नाकेबंदी झालेली. साहेबी पोशाखातील भगतसिंग, त्यांची पत्नी म्हणून वावरणाऱ्या दुर्गाभाभी, बरोबर तीन वर्षांचा शचींद्र, आणि नोकराच्या वेषात पुणे जिल्ह्यातील खेडचे राजगुरू. प्रसंग तेजस्वी आहे यात शंका नाही. परंतु व्याख्यानांनी आणि चित्रपटांनी तो इतका उगाळला आहे की, ब्याण्णव वर्षांचे एक आयुष्य त्या एका प्रवासात गुंडाळले गेले. लाहोर सोडताना भाभी अध्यापिका होत्या, हेही सहसा सांगितले जात नाही.

28 मे 1930 रोजी रावीच्या काठी बॉम्बची चाचणी घेताना त्यांचे पती भगवतीचरण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर झालेल्या गोळीबारात भाभी सहभागी होत्या. 27 फेब्रुवारी 1931 ला आझाद गेले, 23 मार्चला भगतसिंग, राजगुरू व सुखदेव फासावर चढले. हिंदुस्थान समाजवादी प्रजातंत्र सेना विखुरली. तुरुंगातून बाहेर आलेल्या अजय घोष, शिव वर्मा यांच्यासारख्या साथींनी कम्युनिस्ट पक्षाचा मार्ग धरला. भाभींनी तो धरला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. भूमिगत जीवन, अटक आणि लाहोरबंदी यांतून गेल्यावर 1936 च्या सुमारास त्या गाझियाबादेत मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. काही काळ काँग्रेसच्या कामातही होत्या. तेथे त्यांचे मन रमले नाही.

मग तिशी उलटलेल्या या विधवा स्त्रीने पुन्हा विद्यार्थिनी व्हायचे ठरविले. मद्रासजवळच्या अड्यार येथे त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीचे शिक्षण घेतले. बालकाला मारू नये, बक्षिसाचे आमिषही दाखवू नये. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून त्याला अक्षर कळावे, मणी मोजून संख्या कळावी, आपले काम त्याने आपल्या हाताने करावे, ही ती पद्धत. छडी आणि घोकंपट्टी यांवर उभ्या असलेल्या वसाहती शाळेत ही कल्पना लहान बंडखोरी नव्हती. योगायोग असा की, जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि स्वतः मारिया मॉन्टेसरी या देशात ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. पुढच्याच महिन्यात, 20 जुलै 1940 ला, भाभींनी लखनौमध्ये भाड्याच्या घरात शाळा उघडली. मुले होती पाच.

पाच मुलांची शाळा चालविणे पिस्तूल चालविण्यापेक्षा सोपे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी ती कधी चालविलेली नसते. येथे टाळ्या नाहीत. घरभाडे आहे, फी न भरू शकणारा पालक आहे, रोज तेच अक्षर तितक्याच धीराने पुन्हा दाखवणे आहे. स्वतःच्या मुलाच्या बालपणाची कित्येक वर्षे जिला भूमिगत राहून गमवावी लागली, तिने पुढची चार दशके इतरांच्या मुलांना दिली. आजी होण्याच्या वयापर्यंत त्या लखनौतच होत्या. शाळा वाढत इंटर कॉलेजपर्यंत गेली. स्वातंत्र्यानंतर सत्तेच्या वर्तुळात क्रांतिकार्याचे मोल वसूल करणारे थोडे नव्हते. भाभी त्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. आपल्या इतिहासलेखनाने त्यांना दुर्लक्षिले, त्यात ही अलिप्ततादेखील कारणीभूत असावी.

उतारवयात त्या गाझियाबादेत मुलाकडे राहावयास गेल्या. ऑक्टोबर 1999 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्याआधी एक काम त्यांनी उरकून ठेवले होते: शिव वर्मा आणि जुन्या साथींच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या, हुतात्म्यांच्या स्मारकासाठी व स्वातंत्र्यसंग्रामाच्या संशोधनासाठी असलेल्या केंद्राला त्यांनी जागा दिली होती, आणि ती आपल्या लखनौच्या शाळेतली.