बायपासनंतर किती वर्षं?
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



"बायपास झाली, आता माणूस किती दिवसांचा?" असं आपल्या वस्तीत सर्रास विचारतात. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० साली झाली. दुसरी जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये झाली. ती मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने केली. डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचं निधन झालं. म्हणजे पहिल्या बायपासनंतर ३४ वर्षं! पण दुसऱ्यांदा छाती उघडावी लागली, हेही ध्यानात ठेवा. बायपास म्हणजे कायमचा इलाज नव्हे.

बायपासमध्ये बंद पडलेल्या नळीला वळसा घालून दुसरी नस जोडतात. ही नस कुठली, याला फार महत्त्व आहे. पायातल्या नसेला कमी दाबाची सवय. हृदयावर तिला जोराचा दाब सोसावा लागतो. दहा वर्षांत अशा जवळपास निम्म्या नसा बंद पडतात किंवा खराब होतात. छातीच्या आतली धमनी मात्र मुळातच त्या दाबाची. दहा वर्षांनीही शंभरातल्या नव्वद चालू असतात. हाताची धमनीही पायाच्या नसेपेक्षा जास्त टिकते.

मग छातीच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या का वापरत नाहीत? भारतासह सात देशांतल्या ३,१०२ रुग्णांवर याचा अभ्यास झाला. २०१९ साली दहा वर्षांचा निकाल प्रसिद्ध झाला. एक धमनी वापरा की दोन, मृत्यूच्या प्रमाणात विशेष फरक दिसला नाही. शिवाय दोन्ही काढल्या तर छातीचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो, मधुमेह्यांना अधिक. म्हणून हा निर्णय सर्जनलाच घेऊ द्या. पण "माझ्या ऑपरेशनात छातीची धमनी वापरणार का?" एवढं विचारायला लाजू नका.

पैशाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. बायपास त्यात बसते.

शेवटी एक कळकळीची विनंती. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, की आपले लोक गोळ्या बंद करतात अन् पानठेल्यावर पुन्हा खर्रा घोटून घेतात. धमनी कितीही चांगली असो, तंबाखूपुढे तीही टिकत नाही. डॉक्टर नस जोडून देतात, ती सांभाळणं आपल्याच हाती आहे. घरातल्या मायबहिणींनो, त्या खर्र्याच्या पुडीवर तुमचं लक्ष असू द्या!

जय भीम!