वरिष्ठांची वाणी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तीस वर्षे केंद्र सरकारच्या नोकरीत निरनिराळ्या प्रांतांतील कचेऱ्या पाहिल्या. तेव्हा कचेरीतलेच काही सांगावे, हे बरे. वरिष्ठ माणूस उर्मटपणे बोलतो तेव्हा नेमके काय बिघडते, हा आमचा आजचा विषय आहे.

हाताखालच्या माणसाचे मन दुखावते, हे उघड आहे. त्याचे निरूपण करण्याची आवश्यकता नाही. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. उर्मट साहेबाला बातमी मिळेनाशी होते.

एका कचेरीत आम्ही शेजारच्या शाखेत होतो. मार्चचा शेवटचा आठवडा होता. कर्मचारी वसाहतीच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती झाली होती आणि दुरुस्तीचे देयक मंजुरीसाठी वर चालले होते. त्यावर लेखाशीर्ष चुकीचे पडले होते. हिशेबात वीस वर्षे मुरलेल्या सहायकाच्या नजरेतून ते सुटणे शक्यच नव्हते. परंतु दोनच दिवसांपूर्वी साहेबांनी भर शाखेत त्याच्या अंगावर फाइल भिरकावली होती आणि त्याच्या शिक्षणाचा उद्धार केला होता. सहायकाने मुकाट्याने आद्याक्षरी केली आणि कागद पुढे पाठविला. लेखा कार्यालयाने देयक परत केले. ३१ मार्चला निधी व्यपगत झाला. ठेकेदाराने पैशांवाचून उरलेले काम थांबविले आणि भर मे महिन्यात वसाहतीतील बायका खालच्या नळावर बादल्या भरून तीन मजले चढत राहिल्या. पुढे कधीतरी आम्ही त्या सहायकाला छेडले. तो शांतपणे म्हणाला, ‘साहेबांनी विचारले असते, तर सांगितले असते.’

सहायकाचे चुकलेच. पगार घेणाऱ्याने दिसलेली चूक सांगितली पाहिजे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. मात्र त्या कचेरीत चौकशी झाली ती सहायकाची. फाइल भिरकावण्याचा उल्लेख कोणत्याही कागदावर आला नाही.

असे केवळ सरकारी कचेऱ्यांतच होते, असे मात्र नव्हे. २०१५ साली ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इस्राएलमध्ये नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांत काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांचे २४ गट घेतले. सर्वांपुढे तोच प्रसंग ठेवला : अकाली जन्मलेल्या बाळाची प्रकृती अचानक ढासळते आहे. बाळ अर्थातच कृत्रिम होते. काही गटांना प्रयोगाच्या ओघात एका परदेशी तज्ज्ञाचे कुत्सित बोल ऐकविले. त्या देशातील वैद्यकाविषयी तो हिणवून बोलला. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. तरीही त्या गटांचे निदान आणि प्रत्यक्ष उपचार, दोन्ही इतरांपेक्षा उणे पडले. त्याचे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. ती माणसे एकमेकांना दिसलेले सांगेनाशी झाली आणि मदत मागेनाशी झाली. आमचा सहायक तरी दुसरे काय करीत होता?

‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द आता प्रत्येक प्रशिक्षणवर्गात कानी पडतो. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना शास्त्रीय लेखातून मांडली. १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघर पोहोचविली. त्या पुस्तकाच्या नावावर पुढे जे जे खपविले गेले ते सारेच सिद्ध झालेले नाही. मूळ गोष्ट मात्र साधी आहे. आपल्याला राग चढतो आहे हे स्वतःला वेळीच कळावे, आणि समोरच्याचा चेहरा वाचता यावा. याचा अर्थ गोड बोलणे असा करणारे पुष्कळ भेटतात. गोड बोलून माणसाला दोन दोन वर्षे झुलविणारे वरिष्ठ आम्ही पाहिले आहेत, आणि ज्यांच्या कडकपणाची आजही आठवण काढली जाते असेही पाहिले आहेत. कडक माणूस कामाची चूक काढतो. उर्मट माणूस त्या माणसाची लायकी काढतो.

येथे आपणा मराठी मंडळींविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. ‘आम्ही रोखठोक, पोटात एक, ओठात एक असे आमच्याकडे नाही,’ याचा आपल्याला केवढा अभिमान! त्यात भाषेची एक गंमत मिसळते. नागपूर सोडून पुढे हिंदी मुलखात आलेला आपला माणूस मराठीतल्या ‘तुम्ही’चा सरळ ‘तुम’ करतो. त्याच्या मते त्याने मान दिलेला असतो. साठीला टेकलेल्या लखनवी हेडक्लार्काला मात्र ती एक पायरी खाली ढकलल्यासारखी वाटते. तो बिचारा ‘जी साहब’ म्हणतो आणि त्या दिवसापासून विचारल्याखेरीज तोंड उघडत नाही. साहेबाला वर्षभर याचा पत्ता नसतो. कोण सांगणार? आपल्या नोकरीत वार्षिक अहवाल वरचा खालच्याविषयी लिहितो; खालच्याला वरच्याविषयी लिहावयास तेथे रकाना नाही.

आता आपली मुले पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत लागली आहेत. तेथे अंगावर फाइल येत नाही. रात्री अकरा वाजता मोबाइलवर एका ओळीचा संदेश येतो, आणि तो शाखेतल्या सगळ्यांना एकदम दिसेल असा. सुट्टीत घरी आलेला मुलगा जेवता जेवता ताट सारून उठतो तेव्हा आईला वाटते, भाजी बिघडली.

सरकारचा नियम या बाबतीत चांगला आहे. कार्यालयीन कार्यपद्धतीची जी नियमपुस्तिका केंद्रीय सचिवालयात चालते, तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की, टिप्पणीत कोणाची चूक दाखवावयाची असल्यास ती सौजन्याने, संयत भाषेत आणि व्यक्तिगत शेरे टाळून दाखवावी. कागदावर हा नियम पुष्कळसा पाळलाही जातो. त्याच टिप्पणीवर तोंडी चर्चा सुरू झाली, की तो नियम फाइलीतच राहतो.

आमचे एक जुने वरिष्ठ रागाच्या भरात सुचलेला शेरा पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून खणात टाकीत आणि डबा खाल्ल्यावर पुन्हा काढून वाचीत. तोंडी बोलावयाचे असले तरी त्यांची हीच रीत असे. आधी चिठ्ठी, मग बोलावणे. आता ई-ऑफिस आले. त्यात हिरवी टीप कायमची, पण पिवळी टीप बदलता येते आणि पुसताही येते. आमच्याकडे येणाऱ्या नव्या अधिकाऱ्यांना आम्ही संध्याकाळी पाचनंतरचा शेरा पिवळ्या टिपेतच ठेवावयास सांगतो. त्यांतल्या किती हिरव्या होतात याची मोजदाद आम्ही ठेवलेली नाही. सकाळच्या चहाला त्यांतल्या बऱ्याचशा पुसल्या जाताना मात्र पाहिल्या आहेत.